तीन स्क्रू आणि एक पूर्ण पाळी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुमच्या मुलीचा फोन आला. मी रावेतला, पुलाच्या अलीकडे होते. अण्णा गेले, असं ती म्हणाली. मी गाडी कडेला घेतली. पिशवीत आपल्या यंत्राचा नवा बोर्ड होता. चाचणी शुक्रवारी होती.

अण्णा, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तरीण, आधी निकाल सांग, कीर्तन मागनं कर." म्हणून निकाल आधी सांगते. यंत्र टिकलं. सकाळी सातला चार्जरवरून काढलं ते दुपारी साडेतीनला पाळी सुटेपर्यंत चाललं, आणि मध्ये एकदाही वायर लावावी लागली नाही. शेवटी बॅटरी अठरा टक्के उरली होती. तुम्ही मला न सांगता कागदावर घुसडलेली अटसुद्धा पुरी झाली. भोसरीतलं आपलं दुरुस्तीचं टेबल बंद होणार नाही.

हे तुम्हाला फोनवर सांगायचं होतं. त्या दिवशी चाकणहून निघताना मी खरंच फोन काढला, तुमचं नाव शोधलं, आणि मग आठवलं.

आपली पहिली भेट म्हणजे भांडणच होतं. मी कंपनीत नवीन होते आणि माझ्या पहिल्या बोर्डाचा आराखडा टेबलावर पसरला होता. कारखान्यात गाड्या तपासणाऱ्यांनी एका हातावर धरून वापरायचा, वहीएवढा, झाकणाचा संगणक करायचा होता. त्याची मेमरी मी बोर्डावर कायमची डाखून टाकली होती. कमी वीज खाणाऱ्या मेमरीच्या चिप तशाच मिळायच्या, प्रोसेसरच्या अगदी जवळ, सोल्डर करून. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून आराखडा पाहिलात आणि विचारलंत, "ही काढायची कशी?"

"काढायची नाही," मी म्हणाले.

"आन मेली तर?"

"सहसा मरत नाही."

"सहसा," तुम्ही म्हणालात आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसांना हाक मारून तो शब्द पुन्हा ऐकवलात. "सहसा मरत न्हाई म्हनं. लिहून घ्या रं."

मला राग आला. तुम्ही सर्व्हिस विभागाचे प्रमुख आहात हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, कुणी तरी वयस्कर फिटर आहे.

तुमचं सगळं शिक्षण दुकानात झालं होतं. हिंजवडीजवळच्या माणमधली जमीन आयटी पार्कमध्ये गेल्यावर तुमच्या भावकीतल्या लोकांनी गाड्या घेतल्या, इमारती बांधल्या. तुम्ही चिंचवडला कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा घेतलात. एकदा हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलो असताना तुम्ही एका काचेच्या इमारतीकडे बोट करून म्हणाला होतात, "तिसरा मजला दिसतोय ना, त्याच्या बरोबर खाली आमची वांगी व्हायची." आवाजात खंत नव्हती. जागा दाखवावी तशी दाखवलीत. कंपनीत येण्याआधी त्या गाळ्यात तुम्ही वर्षानुवर्षं एकच काम केलंत: लोक टाकून द्यायला निघालेले लॅपटॉप उघडायचे, जुनी मेमरी काढायची, मोठी बसवायची आणि परत द्यायचे. नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने तुम्हाला पेढे आणून दिले होते, कारण तिचा लॅपटॉप तुमच्यामुळे परीक्षेपर्यंत टिकला. ती गोष्ट तुम्ही मला निदान दहा वेळा सांगितलीत. प्रत्येक वेळी पेढे थोडे वाढायचे.

त्यामुळे जे काढता येत नाही ते तुम्हाला पटतच नसे. माझं म्हणणं वेगळं होतं. आपलं यंत्र चालत्या लाइनवर वापरायचं होतं. तिथे पायात वायर येऊन चालत नाही आणि मध्येच बॅटरी बदलायला कुणाला उसंत नसते. म्हणजे एका बॅटरीवर पूर्ण पाळी निघायलाच हवी. मोठी बॅटरी घालावी तर वजन वाढतं. त्याचा निकाल चाकणच्या प्लँटवर रेखाताईंनी पहिल्याच दिवशी लावला होता. त्या मूळच्या लातूरकडच्या, दरवाज्यांच्या फिटिंगची तपासणी करणाऱ्या. मोठ्या बॅटरीचं यंत्र त्यांनी पाच मिनिटं हातावर धरलं आणि माझ्याकडे परत दिलं. "तुमी धरा की मॅडम आठ तास. मी बघत बसते."

म्हणून वीज वाचवायची ती आतूनच. मेमरी किती खाते हे मी तुम्हाला फळ्यावर आकडे मांडून समजावत होते, आणि तुम्ही दोन वाक्यांत ते माझ्याहून सोपं केलंत. "म्हंजी कळशीला भोक हाय. पानी ऱ्हावं म्हनून सारखं भरत बसायचं, कुणी प्यायलं न्हाई तरी." मेमरी अशीच असते. त्यातली माहिती सतत ताजी करत राहावी लागते. झाकण मिटून यंत्र झोपलं तरी ते भरणं थांबत नाही. माझ्या डाखलेल्या चिपच्या कळशीला भोक लहान होतं, तुम्हाला हव्या असलेल्या, खाचेत बसणाऱ्या नि काढता येणाऱ्या पट्टीच्या कळशीला मोठं. एवढाच आपला वाद होता आणि तो दोन वर्षं चालला.

शेवटी कंपनीने दोन्ही तऱ्हेची यंत्रं करून चाकणला चाचणीला दिली. एक तुमचं, एक माझं. सगळे त्यांना असंच म्हणत. अण्णांचं आणि मॅडमचं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात हत्यारांना विश्रांती असते, हे मला ठाऊक होतं. माझे वडीलही आकुर्डीच्या एका कारखान्यात होते आणि लहानपणी मी लेथला झेंडूचा हार घातलेला पाहिला होता. पण रेखाताईंच्या लाइनवर आपल्या यंत्रांचं काय होईल याचा विचार मी केला नव्हता. त्यांनी चार्जिंगचं टेबल रिकामं करून धुतलं. त्यावर कापड अंथरलं, पाने-पकडी, टॉर्क रेंच आणि आपली दोन यंत्रं ओळीने मांडली, कुंकू लावलं, हार घातले. चार्जर अर्थातच काढून ठेवले. यंत्रं मात्र बंद केली नाहीत, नुसती मिटली. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यानंतर रविवार. सोमवारी सकाळी आपण दोघं तिथे पोचलो तेव्हा झेंडू काळवंडला होता. तुमचं यंत्र पूर्ण मेलं होतं. माझं झाकण उघडल्याबरोबर जागं झालं, एक तृतीयांश बॅटरी शिल्लक ठेवून.

"बंद का नाही केलीत?" मी रेखाताईंना विचारलं.

"बंद मशीनला कुंकू कसं लावावं ओ?" त्या म्हणाल्या. "मेल्यागत वाटतंय. म्हणून झोपवलो आमी त्यान्ला."

तुम्ही एवढे हसलात की तिथला सुपरवायझर बघायला आला. मग तुमच्या मेलेल्या यंत्रावरचा हार काढून तुम्ही माझ्या यंत्रावर चढवलात. "जिंकलीस, मास्तरीण."

मी जिंकले होते. पण त्या सकाळी मला न दिसलेली गोष्ट तुम्हाला दिसली. आपण प्रयोगशाळेत यंत्र सतत चालवून मोजत होतो. ते किती वेळ झोपलेलं असतं हे कुणीच मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेन्सिल आणि रेघा मारलेला कागद घेऊन सकाळी सातला लाइनवर जाऊन उभे राहिलात. रेखाताईंनी झाकण उघडलं की एक रेघ, मिटलं की दुसरी. दुपारी साडेतीनपर्यंत. वयाची साठी जवळ आलेली, गुडघा दुखतोय आणि तुम्ही स्टूल नाकारलंत, कारण बसलं की गाडीपलीकडचं दिसत नाही. संध्याकाळी तो कागद माझ्यासमोर ठेवलात. यंत्र पाळीतला निम्म्याहून जास्त वेळ मिटलेलं असतं. वीज कामात कमी आणि झोपेत जास्त जात होती. माझी बाजू भक्कम करणारा तो पुरावा तुम्हीच आणून दिलात. तुमच्याइतकं सरळ भांडणारं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही.

थंडीच्या दिवसांत माझा नंबर लागला. माझ्या यंत्रातली मेमरीची एक चिप गेली. सहसा मरत नाही ती. एका चिपसाठी अख्खा बोर्ड टाकावा लागला, नवा यायला महिना गेला आणि तेवढे दिवस रेखाताई पुन्हा कागदाच्या तक्त्यावर काम करत राहिल्या. तुम्ही टोमणा मारला नाहीत. तो बोर्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलात आणि त्यावर खंडेनवमीच्या हारातलं एक वाळलेलं फूल. ते तुम्ही इतके दिवस खणात जपून ठेवलं होतं, नेमक्या ह्याच कामासाठी.

मग प्लँटवरून निरोप आला. त्यांना बाहेरून येणारी, पूर्ण सीलबंद यंत्रं घ्यायची होती. बिघडलं की फेकायचं, दुसरं उघडायचं. आपल्याला एक शेवटची संधी होती: एका बॅटरीवर पूर्ण पाळी आणि बिघाड झाला तर जागच्या जागी दुरुस्ती. नाही जमलं तर ते काम जाणार आणि त्याबरोबर भोसरीतलं दुरुस्तीचं टेबलही जाणार, कारण सीलबंद यंत्राला टेबल लागत नाही. तुम्ही त्या टेबलावर दोन कारागिरांना हाताला धरून शिकवलं होतं. दोघांचीही घरं त्या कामावर होती.

"मला दोन्ही पायजे," तुम्ही मीटिंगमध्ये म्हणालात. "कमी खाणारी बी आन निघणारी बी."

मी म्हणाले, तसं नसतं. खाचेपर्यंतच्या लांब तारांमधून इतक्या कमी विजेवर इतक्या वेगाने संदेश नीट जात नाहीत. चिप जवळच हवी, डाखलेलीच हवी. तुम्ही म्हणालात, "कुणीतरी करंल की." मी पुन्हा समजावलं. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. आणि मग मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, दुकानातली अक्कल इथे चालत नाही."

तुम्ही चष्मा पुसलात. "बरं," म्हणालात.

दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी उकडलेल्या शेंगांची पिशवी माझ्यासमोर ठेवलीत. "गावच्या हायेत, मानच्या. खा." मी खाल्ल्या. माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही. शेंगा चांगल्या आहेत, एवढंच म्हणाले.

आता मी तुम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट लिहिते. डबा खाताना मी तांत्रिक मासिकं वाचते यावरून तुम्ही मला मास्तरीण म्हणायला लागलात. अशाच एका दुपारी मी एक लेख वाचला. कमी वीज खाणाऱ्या त्याच चिप, पण एका पातळ पट्टीवर बसवलेल्या. ती पट्टी खाचेत उभी खोचायची नाही. प्रोसेसरच्या शेजारी आडवी ठेवायची आणि वरून तीन स्क्रूंनी दाबून बसवायची. तार आखूड ती आखूडच राहते आणि पट्टी हवी तेव्हा काढता येते. कुणीतरी केलं होतं.

मी तो अंक बॅगेत ठेवला आणि तीन आठवडे कुणाला काही बोलले नाही.

कारण शोधायला गेलं तर सांगता येईल की मी खात्री करत होते. ते खोटं आहे. तुम्ही पलीकडच्या टेबलावर बसला होतात आणि मी तुम्हाला सगळ्यांसमोर जे बोलले होते ते आता फिरवावं लागणार होतं. मला ते जमत नव्हतं. शेवटी एका सकाळी अंक तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही चित्र पाहिलंत. बोटाने तीन स्क्रू मोजलेत. मग मुखपृष्ठ उलटून अंक कोणत्या महिन्याचा आहे ते पाहिलंत.

"कधी वाचलंस?"

"कालच," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला कळलं होतं. "बरं," म्हणालात. तोच सूर, मीटिंगमधला. आणि लगेच, "चल, मागव मग. बसून काय ऱ्हायलीस."

नवा बोर्ड करायला सात महिने लागले. ते आपले सगळ्यात चांगले महिने होते. आता तुमचं आणि माझं अशी दोन यंत्रं नव्हती. पहिला नमुना आला तेव्हा तुम्ही तो पट्टीसकट हातात घेऊन स्क्रू काढलेत, बसवलेत, काढलेत, बसवलेत. दुपारी जेवायलाही उठला नाहीत. झोपेतली वीज मोजली तेव्हा मीटरचा आकडा डाखलेल्या बोर्डाच्या इतका जवळ होता की मीटर बिघडला असेल म्हणून तुम्ही दुसरा आणलात. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. "आता पुस्तकात लिव्ह हे," तुम्ही म्हणालात.

मग तो मंगळवार.

त्याच दिवशी माणला तुम्हाला पोचवून आलो. बुधवारी प्लँटवरून विचारणा झाली, चाचणी पुढे ढकलायची का. तुमच्या टेबलावरच्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणाले. शुक्रवारी सकाळी सातला तुमची पेन्सिल आणि तुम्ही तयार करून ठेवलेला कागद घेऊन मी लाइनवर उभी राहिले. उघडलं, एक रेघ. मिटलं, दुसरी रेघ. स्टूल घेतलं नाही. बसलं की गाडीपलीकडचं खरंच दिसत नाही.

प्लँटचे मेंटेनन्सचे साहेब नऊला येऊन म्हणाले, "मॅडम, दोनपर्यंत टिकलं तर चहा माझ्याकडून."

"साडेतीनला पाजा," मी म्हणाले. मी असं बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते तुमचं वाक्य होतं.

साडेअकराला मी कागद उलटला आणि मागे तुमचं अक्षर दिसलं. "जेवणाच्या सुट्टीत मेमरी काढून दुसरी लावणे. मास्तरणीनं लावायची न्हाई. लाइनवरच्या माणसानं." ही अट मंजूर झालेल्या यादीत नव्हती. मी ती गप्प बसून खिशात घालू शकले असते. एक गोष्ट लपवून मी एकदा पाहिली होती. मी कागद साहेबांना दाखवला.

ते म्हणाले, "चालू मशीन उघडताय? उगाच कशाला?"

"अण्णांनी लिहिलंय," मी म्हणाले.

रेखाताईंनी हात धुतले, पुसले. अंगातली स्थिर वीज चिपला लागू नये म्हणून मनगटाला तुमच्या टेबलावरचा पट्टा बांधला, यंत्र बंद केलं. तळाचं झाकण काढलं, तीन स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, जुनी पट्टी उचलली, नवी ठेवली, स्क्रू आवळले. बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला.

मेमरी बदलल्यावर यंत्र पहिल्यांदा उठताना तिची ओळख करून घेतं. तेवढा वेळ पडद्यावर काहीच येत नाही. हे मला माहीत होतं, मीच ते सूचनांमध्ये लिहिलं होतं. तरी मी घड्याळाकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, "गेलं." डबे घेऊन आलेली माणसं भोवती उभी होती, कुणी घास तोंडात नेईना. रेखाताई यंत्रावर हात ठेवून होत्या, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "नवीन हाय. वळख पटू द्या की."

मग पडदा उजळला.

अण्णा, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाच्या सुट्टीत, स्टीलच्या डब्यांवर चमचे वाजवून. रेखाताईंनी यंत्र उंच धरून सगळ्यांना दाखवलं, कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा हात धरावा तसं. एक वाजता लाइन सुरू झाली. दोन वाजले, अडीच वाजले. साडेतीनचा भोंगा झाला तेव्हा मी शेवटची रेघ मारली. साहेबांनी अठरा टक्क्यांचा आकडा वाकून पाहिला, सरळ झाले आणि एकच विचारलं, "दुरुस्ती भोसरीतच होणार ना?"

"जमेल तेवढी इथेच," रेखाताईच म्हणाल्या. "नाही जमली तर तकडं."

चहा साहेबांनी पाजला.

मी तीन आठवडे गप्प बसले नसते तर ही चाचणी तीन आठवडे आधी झाली असती. ती पेन्सिल तुमच्या हातात असती आणि टाळ्या तुम्ही ऐकल्या असतात. हे गणित मी रोज करते आणि उत्तर बदलत नाही. दुकानातली अक्कल चालत नाही, असं मी म्हणाले होते. शुक्रवारी दिवसभर तीच चालली. मी चुकले होते, अण्णा. माफ करा. "बरं" म्हणाला असतात आणि लगेच पुढचं काम सांगितलं असतंत, म्हणून पुढचं काम मी सुरू केलंय. प्लँटला पंधरा यंत्रं द्यायची आहेत.

तुमच्या कागदावर शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तो तुम्ही रिकामा ठेवला होता. मी त्यात तुमच्या पेन्सिलीने लिहिलं: टिकलं.

दुरुस्तीचं टेबल चालू आहे. दोघंही कामावर आहेत. कागद टेबलाच्या काचेखाली आहे आणि स्क्रूड्रायव्हर उजव्या खणात, जिथे तुम्ही ठेवत होतात तिथेच.